गाडीसकट उचला

“वैजू, घाल हात गळ्यात,” हिंदुरावमामा म्हणाले आणि माझ्यापुढे वाकले.

मी हात मांडीवरून हलवले नाहीत.

मंगल कार्यालयाच्या फाटकात, दुपारी चारच्या उन्हात, शालू नेसून मी माझ्या चाकाच्या खुर्चीत बसले होते. लग्न लागलं होतं, पंगती उठल्या होत्या, आईचं दोनदा रडून झालं होतं. आता पाठवणी. समोर आमची डुक्कर फियाट उभी होती. चौपन्न सालची, बुटकी, गोल पाठीची. तिच्या नाकाडामुळे सगळं कोल्हापूर तिला डुक्करच म्हणायचं, आणि आम्हीही लाडानं तेच म्हणायचो. त्या दिवशी तिच्या अंगावर बोट ठेवायला जागा नव्हती. बॉनेटवर फुगे, टपावर फुगे, मागच्या बंपरला तर गुलाबी-पांढऱ्या फुग्यांचे घोस.

“मामा, मी माझी मी बसणार आहे. ठरलंय आपलं.”

“ठरलंय गं बाई! पण तुझी मशीन बंद पडलीया न्हवं? मग काय हितंच ऱ्हाणार का गाडीपुढं? मिनिटाचं काम. तुला काय आज पहिल्यांदा उचलतोय व्हय?”

पहिल्यांदा नव्हतंच. दीड वर्षाची असताना मला पोलिओ झाला. डावा पाय कामातून गेला, उजव्यात नावापुरता जीव राहिला. तेव्हापासून जत्रा असो, बारसं असो, दवाखाना असो, मला कुणी ना कुणी उचलायचं, आणि बहुतेक वेळा मामाच उचलायचे. तरुणपणी तालमीत घुमलेला माणूस. पन्नाशी उलटली तरी दंड तसेच होते.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. पण त्या लग्नात मी काय मागितलं होतं ते सगळ्यांना तोंडपाठ होतं, कारण मी दुसरं काही मागितलंच नव्हतं. शालू कुठलाही चालेल म्हणाले, जेवणात काय करायचं ते करा म्हणाले. फक्त सासरी जाताना मला कुणी उचलून गाडीत घालायचं नाही. मी माझी बसेन आणि गाडी मीच चालवेन. माझी मी बसेन अशी गाडी करण्यासाठी आधी सहा महिने आमच्या दुकानात भांडणं झाली होती.

दुकान म्हणजे आबांचं, उद्यमनगरातलं. केरबा लोहार, कमानपाटेवाले. ट्रक असो, जीप असो, उसाची ट्रॉली असो, चाकांवर गाडीचं वजन पेलणारा पाटा मोडला की माणूस आबांकडे यायचा. आबा पाटा तापवायचे, घणाखाली त्याला बाक द्यायचे आणि पुन्हा गाडीखाली चढवायचे. त्याच दुकानाच्या कोपऱ्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं टेबल होतं. जळालेल्या मोटरी यायच्या, मी त्यांची तांब्याची तार काढून नवी भरायचे. पंचक्रोशीतले पाण्याचे पंप माझ्या हाताखालून गेलेत, ही फुशारकी नाही.

डुक्कर फियाट एका डॉक्टरीणबाईंची. पाटे बदलायला म्हणून लावून गेल्या आणि मुलाकडे पुण्याला कायमच्या राहायला गेल्या. “केरबा, आता तूच सांभाळ तिला,” म्हणून कागदही आबांच्या नावावर करून दिले. दोन वर्षं ती दुकानाबाहेर धूळ खात होती. एक दिवस मी तिचं पुढचं दार उघडलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. तिची पुढची दारं उलटी उघडतात, मागच्या बाजूला. नव्या गाडीत दार मध्ये येतं आणि खुर्ची तिरकी राहते. हिच्यात माझी खुर्ची पुढून सरळ सीटपर्यंत गेली. शिवाय पुढची सीट एका बाकासारखी अखंड, गिअर स्टेअरिंगला. क्लच, ब्रेक आणि रेस हातानं मारायला आबांनी दांडे बसवून दिले, तेवढं ते हसत हसत करून गेले.

अडचण एकच होती. सीट माझ्या खुर्चीपेक्षा चार बोटं उंच होती. सपाटीवर किंवा उताराला मी फळी टाकून हातांच्या जोरावर कुठंही सरकते. चढाला माझे हात पुरत नाहीत. दोनदा घसरून पडले, कोपर सोलून घेतलं.

“खुर्ची उंच करू,” आबा म्हणाले.

“मग टेबलाखाली गुडघे कसे जातील? मी दिवसभर खुर्चीत असते आबा, गाडीत नाही.”

“मग गाडी खाली घेतो. पाटे सपाट करतो, झालं.”

“आणि आपले रस्ते? पहिल्याच स्पीडब्रेकरला चेंबर फुटून तेल रस्त्यावर.”

“मग काय करू म्हणतीस?”

“मोठ्या शहरात नव्या बसगाड्या आल्यात बघा. थांबा आला की एका अंगावर बसतात, माणूस चढला की उठतात. खाली रबरी बेलो असतात, त्यात हवा. हवा सोडली की गाडी खाली, भरली की वर. तसं करायचं.”

आबांनी हातातला हातोडा ऐरणीवर आपटला. “हवेवर गाडी! तीस वर्षं मी लोखंडाला बाक देतोय, आणि माझी लेक हवेवर गाडी उभी करणार! उद्यमनगरात तोंड दाखवू का नको?”

“नका दाखवू. पाठ दाखवा. पण एवढं करा.”

आठ दिवस आमचं बोलणं बंद होतं. डबा आईच्या हाती यायचा, निरोप आईच्या तोंडून जायचे. नवव्या दिवशी मी गडहिंग्लजला एका जुन्या गाड्या मोडणाऱ्या अड्ड्यावर फोन लावला. फोनवर एक शांत आवाज आला.

“बोला ताई. गाडी कुठली?”

“डुक्कर फियाट.”

“ताई, तिला बसचा बेलो लावला तर ती उडी मारून पंचगंगेपलीकडे जाईल. ट्रकच्या केबिनखाली छोटे असतात, ते बघतो मी.”

हा प्रल्हाद. चार बेलो पोत्यात घालून तो स्वतः एसटीनं घेऊन आला. पाण्याच्या पिंपात बुडवून तपासलेले, एकेकावर खडूनं बरोबरची खूण. दुसऱ्या खेपेला नळ्या आणि तोट्या आणल्या. तिसऱ्या खेपेला ‘ताई’ गेलं. आबांच्या ते लगेच लक्षात आलं, पण त्यांनी फक्त त्याला चहा दोन वेळा विचारला.

काम सुरू झाल्यावर आबांना लांब राहवलं नाही. मी मागचे पाटे सगळेच काढा म्हणत होते. ते गाडीखालून ओरडले, “आणि एक्सल काय तुझी हवा धरणार व्हय? पाटा नुसता वजन उचलत न्हाई पोरी, चाकाला जागेवर धरतो. मोठा पाटा ऱ्हाणार. बाकीचे काढ.” त्यांचं बरोबर होतं. मी तसं तोंडावर कबूल केलं, तेव्हा त्यांना इतकं बरं वाटलं की पुढच्या स्प्रिंगांच्या जागी बेलो बसवायच्या वाट्या त्यांनी स्वतः शेजारच्या लेथवर उभं राहून करून घेतल्या. डिकीत हवेची टाकी आणि तिच्याशेजारी बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर. सीटजवळ चार तोट्या, चार चाकांच्या. एक नळी मी सायलेन्सरला चिकटून नेली ती चूक माझी. ती वितळली, आणि भर चौकात, आबा आत बसलेले असताना, गाडी डाव्या कुल्ल्यावर बसली. बघणाऱ्यांची चंगळ झाली.

पण शेवटी जमलं. मी तोट्या फिरवल्या, फुस्स झालं, आणि डुक्कर चार बोटं खाली आली. मी फळी टाकली आणि सरकत जाऊन स्टेअरिंगमागे बसले. तोट्या उलट्या फिरवल्या, गाडी उठली. मी ओरडलेच. आबा वाकून खाली बघत होते. “पाट्याचा आवाज येत न्हाई,” म्हणाले. “बरं न्हाई वाटत.” आणि मग दिवसभर येईल त्या गिऱ्हाइकाला स्वतःच गाडी बसवून-उठवून दाखवत राहिले.

तर अशी ती गाडी, लग्नाच्या दिवशी फाटकात उभी. मामा माझ्यापुढे वाकले त्याच्या थोडं आधी, गाडीजवळ जाताच मला वास आला. तारेवरचं वार्निश जळाल्याचा वास मी झोपेतसुद्धा ओळखीन.

“मामा, डिकीला कुणी हात लावला?”

मामांनी फेटा सारखा केला. “हात म्हंजे... दोनशे फुगे आणले हुते गं तुझ्यासाठी. धा फुगवले आन दम लागला. मग डिकीत ती टायरला हवा मारायची नळी दिसली. लई भारी मशीन हाय तुझी! फुस्स केलं की फुगा तयार, फुस्स केलं की फुगा तयार. दीडशेपतूर चांगली चालली की. मग जरा धूर आला.”

“जरा धूर आला!”

“मला काय ठावं, वैजू? नवरीची गाडी, नुसती कशी पाठवायची?”

आबांनी डिकी उघडली. कॉम्प्रेसर काळा पडला होता. टाकीचा काटा शून्यावर. माझी सगळी हवा मामांनी फुगे करून गाडीवर चिकटवली होती.

आबा माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, “बेलोत हाय ती हवा हाय. म्हंजे खाली बसंल एकदा. पण मग उठायची न्हाई. आन बसल्या गाडीची चाकं मडगार्डला घासणार, हालायची न्हाई जागची.”

म्हणजे असं होतं. हवा सोडली तर मी माझी आत बसू शकत होते, पण गाडी हलणार नव्हती. हवा ठेवली तर गाडी जाणार होती, पण मला कुणीतरी उचलून आत टाकायला हवं होतं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, रागाचं.

प्रल्हादचे थोरले चुलते, नानासाहेब, घड्याळ बघत पुढे आले. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. “सूनबाई, दिवेलागणीच्या आत घरात लक्ष्मी यायला पाहिजे. पुढं दोन तासांची वाट आहे. असं करू, माझ्या जीपमध्ये चला. तुमचे मामा उचलून ठेवतील, काय?”

“नाही ठेवणार,” मी म्हणाले.

“अगं, पण...”

“काका,” प्रल्हाद म्हणाला. मुंडावळ्या अजून त्याच्या कपाळावरच होत्या. “थोडं थांबू.” मग माझ्याकडे वाकून त्यानं विचारलं, “काय करायचं?”

“माहीत नाही. पण उचलायचं नाही.”

“बरं,” तो म्हणाला आणि खुर्चीच्या बाजूला उभा राहिला. नवरा म्हणून त्यानं केलेलं हे पहिलं काम, आणि ते मला आवडलं.

एव्हाना सगळं वऱ्हाड फाटकात गोळा झालं होतं. बायका कुजबुजत होत्या, कुणीतरी वाजंत्रीवाल्यांना गप्प बसवलं. मामांचा चेहरा लाल झाला. चारचौघांत त्यांना ‘नाही’ म्हटलेलं चालत नसे.

“हे बघ वैजू, लई झालं! आम्ही काय परके हाय? प्रेमानं उचलतोय आन तू अशी ताठून बसलीयास. नवरी फाटकात अडून बसली म्हणून गावभर होईल. माझ्या भाचीला मी उचलायचं न्हाई तर कुणी उचलायचं? घाल म्हणतो हात गळ्यात!”

आणि त्यांनी माझ्या काखेत हात घातले.

“शैलाताईच्या लग्नात घातले होते मी गळ्यात,” मी म्हणाले.

मामांचे हात तिथंच थांबले. शैला म्हणजे त्यांची थोरली.

“मी चौदा वर्षांची होते. आईनं नवा परकर शिवला होता, मोरपंखी. मांडवात पहिल्या रांगेत बसले होते मी, कारण मला अक्षता टाकायच्या होत्या. तुम्ही आलात आणि असंच म्हणालात, ‘वैजू, घाल हात गळ्यात.’ मी घातले. मला वाटलं, स्टेजवर नेताय, ताईजवळ. तुम्ही मला मागं नेलंत. कोठीच्या खोलीत, साखरेच्या पोत्यावर ठेवलंत आणि दार ओढून घेतलंत.”

“वैजू, गप,” मामा पुटपुटले.

“व्याही यायचे होते. त्यांनी मला बघू नये म्हणून. घरात असलं काही आहे कळलं तर लग्न मोडेल म्हणून. सकाळी दहाला ठेवलंत. मंगलाष्टकं मला दाराआडून ऐकू आली. माझ्या मुठीत अक्षता होत्या. पंगती झाल्या, बँड वाजला. मी हाका मारल्या, कुणाला ऐकू गेल्या नाहीत. दाराला हात पुरत नव्हता. पाच वाजता आचारी तेलाचा डबा न्यायला आला. तोपर्यंत परकर ओला झाला होता, मामा. साखरेचं पोतंही.”

मागे आईनं तोंडावर पदर धरला होता.

आबा मामांकडे बघत होते. “मला तुम्ही म्हणाला हुता, पोरगी माडीवर झोपलीया,” ते म्हणाले. “मी दोनदा विचारलं हुतं.”

मी आबांना कधीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याच दिवशी आईचं माहेर तुटलं असतं, एवढं चौदाव्या वर्षी मला कळत होतं. आचाऱ्यानंही नाही सांगितलं. बिचाऱ्यानं मला उचलून नळाखाली नेलं आणि आपला पंचा दिला.

“तुम्ही वाईट नाही,” मी मामांना म्हणाले. माझा आवाज चिरकला, त्याचाही मला राग आला. “दवाखान्यात तुम्हीच न्यायचात, मला माहिताय. पण जो उचलतो ना, तो त्याला सोयीचं असेल तिथं ठेवतो. म्हणून मला कुणी उचलायचं नाही. तुम्ही नाही, आबांनी नाही, ह्यानंही नाही.”

प्रल्हादनं मान डोलावली. मामांनी माझ्या काखेतले हात काढून घेतले.

“आबा,” मी म्हणाले, “हवा सोडा.”

“अगं, मग गाडी...”

“सोडा तुम्ही.”

आबांनी आत हात घालून चारी तोट्या फिरवल्या. डुक्कर खाली बसली, आणि बंपरखालचे आठ-दहा फुगे फाट फाट फुटले. वऱ्हाडातलं कुठलं तरी तान्हं रडायला लागलं. मी खुर्ची पुढे नेली, ब्रेक लावला, फळी टाकली. शालू नेसून फळीवरून सरकणं काय असतं ते मलाच माहीत. निऱ्या अडकल्या, एक बांगडी फुटली, मनगटावर रक्त आलं. दोन-तीन बायका मदतीला पुढे झाल्या, आईनं हात आडवा करून त्यांना थांबवलं. मी उजवा पाय धरून आत घेतला, मग डावा. स्टेअरिंगवर हात ठेवले. साडेतीनशे माणसं बघत होती आणि कुणाच्याही हाताचा मला स्पर्श झाला नव्हता.

मग मी खिडकीतून मामांना म्हणाले, “तुम्हाला मला उचलायचंच आहे ना? आता उचला. गाडीसकट उचला.”

मामांना कळेना. आबांना कळलं. प्रत्येक बेलोला टायरला असतो तसला व्हॉल्व्ह होता. आबा रस्ता ओलांडून समोरच्या सायकलवाल्याकडे गेले आणि त्याचा उभा पंप घेऊन आले, दोन्ही हातांनी दाबायचा, जुना, लोखंडी. त्यांनी तो मामांच्या पायापाशी ठेवला.

“दाजी,” मामा म्हणाले.

आबांनी खाली बसून पुढच्या चाकाआतल्या व्हॉल्व्हला नळी लावली आणि वाट बघत राहिले.

मामांनी फेटा काढून बॉनेटवर ठेवला. कोट काढला. पंपावर पाय रोवून दांडा दाबायला लागले. पहिली दहा-वीस दाबणं सोपी गेली, मग दांडा जड झाला. एका बेलोला चाळीस-पन्नास दाबणं. प्रल्हाद मदतीला पुढे झाला तर मामांनीच त्याला कोपरानं बाजूला सारलं. नानासाहेबांनी घड्याळ खिशात घातलं आणि कुठलीशी खुर्ची ओढून बसले. एक चाक झालं, दुसरं झालं. मागच्या चाकांशी जाताना मामा कमरेवर हात ठेवून उभे राहिले, शर्ट पाठीला चिकटला होता. गाडी माझ्याखाली हळूहळू वर येत होती. मामांचं डोकं खिडकीच्या काचेखाली जात होतं, वर येत होतं. त्यांना रडू येत होतं की नुसता घाम, ते मी बघितलं नाही. मी समोर रस्त्याकडे बघत बसले.

चौथं चाक झालं. मामांनी खिडकीला धरून विचारलं, “बास का गं वैजू?”

त्यांना धाप लागली होती. मला खरंच कीव आली, नाही म्हणत नाही. पण साखरेच्या पोत्यावर मी सात तास होते.

“अजून,” मी म्हणाले.

आबा मागच्या चाकापाशी वाकून टायर आणि मडगार्डमध्ये पंजा घालून बघत होते. तीस वर्षं गाड्यांची उंची हातानं मोजलेला माणूस. पुरेसं झालंय हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे एकदा बघितलं, मग पंजा काढून घेतला.

“अजून जरा लागंल,” आबा म्हणाले.

मामा पुन्हा पंपावर वाकले.